उशिराच्या जाल्लो चित्रपटांची डिस्क: निवडायची कशी, पारखायची कशी

'तेनेब्रे' मी पहिल्यांदा पाहिला तो कुणीतरी जुन्या व्हीएचएसवरून उतरवलेल्या कॉपीवर. इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोचा १९८२ सालचा जाल्लो, म्हणजे खुनाच्या रहस्याचा इटालियन सिनेमा. त्यात एक शॉट आहे. कॅमेरा एका घराच्या खिडकीशी सुरू होतो, भिंतीवरून वर सरकतो, छप्पर ओलांडतो आणि पलीकडच्या बाजूने खाली उतरतो. जवळजवळ अडीच मिनिटं, मध्ये एकही कट नाही. त्या कॉपीवर छप्पर म्हणजे नुसता तपकिरी चिखल होता. शॉट एवढा का नावाजला जातो, ते मला कळलंच नव्हतं. काही वर्षांनी नव्याने स्कॅन केलेली डिस्क लावली आणि छपराचा पोत, त्यावर पडलेला प्रकाश, खिडकीच्या पट्ट्या असं एकेक दिसायला लागलं. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी हा सिनेमा पाहिलेलाच नव्हता.

चांगली डिस्क निवडायची, ती नीट लावायची आणि समोर दिसतंय ते खरं की खोटं हे आपल्या डोळ्यांनी ठरवायचं, यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. या सिनेमांत हिंसा भरपूर आहे, तीही बऱ्याचदा बायकांवरची आणि अगदी जवळून दाखवलेली. हे प्रौढांसाठीचे सिनेमे आहेत, घरात लहान मुलं जागी असताना लावू नका.

आधी थोडी ओळख

'जाल्लो' म्हणजे इटालियनमध्ये पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या कव्हरच्या रहस्यकथा काढल्या आणि तो रंगच त्या प्रकाराचं नाव झाला. पडद्यावर मारिओ बावाने १९६३-६४ मध्ये पाया घातला. १९७० साली अर्जेंतोचा पहिला सिनेमा चालला आणि पुढची पाच वर्षं रोममध्ये असे सिनेमे धडाधड निघाले. काळे हातमोजे घातलेला खुनी, काहीतरी पाहिलेलं पण नीट न आठवणारा साक्षीदार, आणि शेवटी उलगडणारी जुनी जखम, असा तो साचा.

आपला विषय त्यानंतरचा आहे. १९७६ साली इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने खासगी स्थानिक टीव्हीला वाट मोकळी करून दिली आणि लोक घरबसल्या सिनेमे पाहू लागले. थिएटरं ओस पडत गेली, बजेट आटलं. ऐंशीच्या दशकात जे जाल्लो निघाले ते या पडत्या काळातले. अर्जेंतोचे 'तेनेब्रे', 'फेनॉमेना' (१९८५) आणि 'ओपेरा' (१९८७), लुचिओ फुल्चीचा 'द न्यूयॉर्क रिपर' (१९८२), मारिओ बावाचा मुलगा लाम्बेर्तो बावा याचा 'अ ब्लेड इन द डार्क' (१९८३), मिकेले सोआवीचा 'स्टेजफ्राइट' (१९८७). नव्या माणसाने 'तेनेब्रे'पासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. 'रिपर' सगळ्यात शेवटी, आणि पाहिलाच नाही तरी हरकत नाही.

पायरी पहिली: कोणती आवृत्ती आहे ते बघा

घाईघाईत डिस्क मागवणारे इथेच फसतात. हे सिनेमे देशोदेशी वेगवेगळे कापले गेले. काही ठिकाणी सेन्सॉरने कापले, तर बऱ्याच ठिकाणी वितरकानेच, खेळ लवकर संपावा म्हणून. 'तेनेब्रे' पुरा १०१ मिनिटांचा आहे. अमेरिकेत तो 'अनसेन' या नावाने लागला तेव्हा त्यातली सुमारे दहा मिनिटं गेली होती. 'फेनॉमेना'च्या तर तीन आवृत्त्या आहेत: इटलीतली ११६ मिनिटांची, परदेशांसाठीची ११० मिनिटांची, आणि अमेरिकेत 'क्रीपर्स' नावाने लागलेली जेमतेम ८३ मिनिटांची. 'ओपेरा' इटलीत १०७ मिनिटांचा होता. अमेरिकी आवृत्तीतून शेवटचा स्वित्झर्लंडमधला भागच उडवला होता.

म्हणून कव्हरवरची मिनिटं वाचायची सवय लावा. पण त्यातही एक मेख आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या. तिथे सिनेमा चार टक्के जोरात पळतो आणि तेवढा लवकर संपतो. आवाजही किंचित चढा, बारीक होतो. आता गणित करा: ११६ मिनिटांचा 'फेनॉमेना' पाल डीव्हीडीवर १११ मिनिटं आणि काही सेकंदांत संपतो. म्हणजे हातात १११ मिनिटांची जुनी डीव्हीडी असेल तर ती बहुधा पूर्ण आवृत्ती आहे, आणि ११० मिनिटांची ब्लू-रे असेल तर ती कापलेली आहे. फरक एका मिनिटाचा, पण सिनेमे दोन. पाल डीव्हीडीवरच्या वेळेला ०.९६ ने भागा, मूळ लांबी मिळेल. ब्लू-रे आणि ४के (ब्लू-रेहून जास्त बारकाव्याच्या) डिस्कवर सिनेमा सहसा २४ फ्रेमनेच असतो, तिथे हे गणित लागत नाही.

'रिपर' घ्यायचाच असेल तर देश पाहून घ्या. ब्रिटनमध्ये १९८४ साली त्याला प्रमाणपत्रच नाकारलं होतं, आणि पुढे तिथे आलेल्या आवृत्त्याही कापलेल्या आहेत. अमेरिकेतल्या ब्लू अंडरग्राउंड या कंपनीची २०२० सालची ४के डिस्क पूर्ण आहे. याउलट 'तेनेब्रे' ब्रिटनमध्ये २००३ पासून अखंड मिळतो, एके काळी तो तिथे खटले भरलेल्या व्हिडिओंच्या यादीत होता तरीसुद्धा.

पायरी दुसरी: मागच्या कव्हरवरचं वाक्य नीट वाचा

'नवीन ४के रिस्टोरेशन' एवढंच लिहिलं असेल तर अजून काहीच कळलेलं नाही. कशावरून स्कॅन केलं, हा खरा प्रश्न.

कॅमेऱ्यातून गेलेली मूळ निगेटिव्ह सगळ्यात वर. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह, म्हणजे मधली पॉझिटिव्ह प्रत, त्यावरून दुसरी निगेटिव्ह, त्यावरून थिएटरात जाणारी प्रिंट. प्रत्येक पिढीत थोडा तपशील गळतो, ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) वाढतो, काळा रंग गच्च होतो. मूळ निगेटिव्हवरून केलेल्या ४के स्कॅनमध्ये तुम्हाला त्या काळच्या थिएटरातल्या प्रेक्षकापेक्षाही जास्त दिसतं. 'ओपेरा' हे याचं चांगलं उदाहरण. तो सुपर ३५ पद्धतीने शूट झाला. त्या पद्धतीत रुंद पडद्याची प्रिंट काढताना मध्ये एक ऑप्टिकल पायरी, म्हणजे भिंगातून पुन्हा छापणं, जास्त येते, त्यामुळे थिएटरातली प्रिंट मूळ निगेटिव्हपासून आणखी एक पाऊल लांब असते. आज निगेटिव्हवरून स्कॅन केलं की ती पायरीच गाळली जाते.

पण निगेटिव्ह मिळायला तर हवी. या पडत्या काळातल्या अनेक निर्मिती कंपन्या बंद पडल्या, हक्क हातोहात फिरले, रिळं रोममधल्या लॅबच्या कपाटांत राहिली. ॲसिटेटची फिल्म दमट, गरम जागी सडायला लागली की तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो. फिल्म आखडते, वाकते आणि स्कॅनरमधून सरळ जात नाही. अमेरिकेतल्या एका नामांकित लेबलने, म्हणजे डिस्क काढणाऱ्या कंपनीने, आपलं नावच या रोगावरून 'व्हिनेगर सिंड्रोम' असं ठेवलंय. हा आजार आपल्याकडच्या हवेत किती वेगाने वाढतो हे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनमधल्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. फाउंडेशनच्या कार्यशाळांत इटलीतल्या बोलोन्याच्या 'लिम्माजिने रित्रोवाता' या लॅबचे तंत्रज्ञ शिकवायला आलेले आहेत. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या आगीत होरपळलेल्या निगेटिव्ह याच लॅबमध्ये पुन्हा उभ्या राहिल्या.

तेव्हा वाचताना असं बघा. 'मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून ४के स्कॅन' असं असेल तर उत्तम. 'इंटरपॉझिटिव्हवरून' असेल तरी चांगलं. 'उपलब्ध सर्वोत्तम घटकांवरून' असं मोघम असेल तर थोडं थांबा, आधी पाहिलेल्यांनी टाकलेली चित्रं बघा. आणि स्रोताचा उल्लेखच नसेल तर तो जुना एचडी मास्टर, म्हणजे पूर्वी कधीतरी केलेली डिजिटल प्रत, असण्याची दाट शक्यता आहे.

पायरी तिसरी: तुमच्या प्लेअरवर चालेल का

माझी पहिली परदेशी ब्लू-रे मी एका विक्रेत्याकडून मोठ्या हौसेने मागवली. 'सगळीकडे चालते' असं तिथे लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी पाकीट आलं, डिस्क घातली, प्लेअर जरा वेळ घुमला आणि पडद्यावर एक ओळ आली: ही डिस्क या प्रदेशासाठी नाही. परत करायचा खर्च डिस्कच्या किमतीच्या जवळ जात होता. ती डिस्क दोन वर्षं नुसती कपाटात होती.

तर हे पाठच करून ठेवा. ब्लू-रेचे तीन प्रदेश आहेत. ए म्हणजे अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया. बी म्हणजे युरोप, आफ्रिका, आखाती देश, ऑस्ट्रेलिया. भारत सीमध्ये येतो, चीन आणि रशियाबरोबर. या सिनेमांच्या बहुतेक डिस्क ए किंवा बीच्या असतात, म्हणजे भारतात घेतलेल्या साध्या प्लेअरवर कुलूपबंद. डीव्हीडीमध्ये भारताचा क्रमांक ५. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांना आपापल्या देशातल्या डिस्कचा प्रश्न नाही, पण अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली डिस्क लंडनमधल्या बहिणीकडे चालेलच असं नाही.

४के अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं. कुठल्याही देशातून आणा, ४के प्लेअर असेल तर चालेल. मात्र त्याच खोक्यात जी साधी ब्लू-रे सोबत येते तिला कुलूप असू शकतं, आणि जादा मुलाखती, माहितीपट बऱ्याचदा त्या दुसऱ्या डिस्कवर असतात. आज नव्याने सुरुवात करत असाल तर माझा सल्ला असा: ब्लू-रेचं कुलूप काढलेला ४के प्लेअर एकदाच घ्या, म्हणजे पुढची कटकट संपली. आणि मागवताना कुरिअर नि कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा. चार डिस्क एकत्र मागवल्या की कुरिअरचा खर्च वाटला जातो.

पायरी चौथी: टीव्हीतली 'सुधारणा' बंद करा

नवा टीव्ही दुकानातून येतो तो दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून लावलेल्या सेटिंगसह. त्यात सिनेमा मरतो. आधी मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण ते चालू असलं की सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत चालतो, त्यावरून ओळखा. मग नॉइज रिडक्शन बंद. शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीने सांगितलेल्या तटस्थ आकड्यावर. रंगाचं तापमान 'वॉर्म'. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर एका बटणात हे सगळं होतं. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट आणि मऊ वाटेल. डोळे सरावले की जुनं सेटिंग निळसर आणि कडक होतं, हे आपोआप जाणवेल.

दिवे मंद करा. पण 'तेनेब्रे' पाहताना अगदी किट्ट अंधाराचीही गरज नाही. का, ते पुढे येतंच आहे.

पायरी पाचवी: डोळ्यांनी पारख

आता मुख्य काम. मी नवी डिस्क आली की सिनेमा सलग बघण्याआधी ठरलेल्या जागा उघडून बघतो.

'तेनेब्रे'त मी पांढरा रंग बघतो. छायाचित्रकार लुचानो तोवोली. अंधारात लपणारा खुनी नको, सगळं लख्ख उजेडात घडावं, अशी या सिनेमाची मांडणी. पांढऱ्या भिंती, फिकट कपडे, रोममधली आधुनिक घरं. म्हणून इथे भिंत पांढरी, थोडी थंड दिसायला हवी. ती लोण्यासारखी पिवळी दिसत असेल तर रंग बिघडवलेत. ४केमध्ये एचडीआरच्या (उजेड-अंधारातला फरक वाढवणाऱ्या तंत्राच्या) नावाखाली भिंती डोळ्यांत खुपत असतील आणि त्यांचा पोतच पुसला गेला असेल, तर तीही चूक. मग छपरावरचा तो शॉट. कॅमेरा सावकाश, सलग सरकतो, त्यामुळे प्रतिमा हलते का, थरथरते का, उजेड मध्येच उडी मारतो का, हे इथे लगेच कळतं.

आता ग्रेन. फिल्मवरचे ते बारीक हलणारे कण म्हणजे धूळ नव्हे, बिघाडही नव्हे. चित्रच त्या कणांचं बनलेलं असतं. ते पुसले की चेहऱ्यावरची त्वचा मेणाची दिसते, केसांची बट एकसंध गोळा होते. एखाद्या जवळच्या चेहऱ्यावर पॉज करा आणि गाल नि भुवई बघा. भुवईचे केस वेगळे दिसले पाहिजेत.

याच्या उलट एक दोष आहे, आणि तो इटालियन सिनेमांच्या जुन्या एचडी मास्टरवर फार भेटतो: स्कॅनरनेच चित्रात टाकलेली खोटी जाळी (नॉइज), जी ग्रेनसारखी भासते. ओळखायची कशी? आकाश किंवा मोकळी भिंत असलेला भाग निवडा आणि डिस्क चालू असताना एकाच ठिकाणी टक लावा. खरा ग्रेन प्रत्येक फ्रेमला नव्याने पडतो, भुरभुरत राहतो. स्कॅनरची जाळी मात्र काचेवर चिकटल्यासारखी जागच्या जागी असते आणि चित्र तिच्या मागून सरकतं. एकदा ही जाळी दिसली की मग सारखी दिसतच राहते.

किती ग्रेन योग्य हे सिनेमागणिक बदलतं, आणि इथे नवे लोक हमखास चुकीचा निकाल देतात. 'अ ब्लेड इन द डार्क' मुळात टीव्हीसाठी चार भागांत ठरला होता आणि १६ मिमीवर शूट झाला. हिंसा टीव्हीला झेपेना म्हणून तो सिनेमा म्हणून थिएटरात आला. १६ मिमीची फ्रेम ३५ मिमीच्या फ्रेमच्या साधारण पाव भागाएवढी, त्याहूनही जराशी लहान. तेव्हा त्याचा ग्रेन जाडाभरडाच असणार. तो जाडाभरडा दिसतोय याचा अर्थ रिस्टोरेशन करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे काम केलंय.

तसंच नामावलीचं. सिनेमा सुरू होतो, नावं येतात तेव्हा चित्र मऊ आणि धूसर, आणि शेवटचं नाव गेल्यावर पुढच्याच कटला लख्ख. अक्षरं चित्रावर चढवण्यासाठी त्या काळी तो भाग ऑप्टिकल प्रिंटरवर पुन्हा छापावा लागे, म्हणजे तो भाग निगेटिव्हमध्येच एक-दोन पिढ्या खालचा असतो. एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं तिथेही हेच. याला दोष मानू नका.

'ओपेरा'त बघायच्या दोन जागा. पहिली म्हणजे डोळ्याखाली सुया चिकटवलेल्या नायिकेचा अगदी जवळचा शॉट. एकेक पापणी सुटी दिसली पाहिजे. दुसरी म्हणजे ऑपेरा हाउसमध्ये कावळे सोडतात तो प्रसंग. पार्माच्या तेआत्रो रेजिओमध्ये तो शूट झाला. कॅमेरा कावळ्याच्या नजरेने प्रेक्षागृहावर गरगर फिरतो. लाल, सोनेरी, अंधार, वेगवान हालचाल. डिस्कवर डेटा अपुरा असेल तर इथे अंधाऱ्या कोपऱ्यांत चौकोन उमटतात. एका साध्या ब्लू-रेवर दोन आवृत्त्या आणि चार तासांच्या मुलाखती कोंबल्या असतील तर हमखास इथे बघा. या सिनेमाचा छायाचित्रकार रॉनी टेलर. 'गांधी'साठी ज्यांना ऑस्कर मिळालं त्यांतला एक. भारतातल्या उन्हात काम केलेल्या त्याच हाताने काही वर्षांनी पार्मातला हा अंधार पकडला, हे मला फार विलक्षण वाटतं.

पायरी सहावी: आवाज आणि भाषा

'मूळ भाषेतच बघावं' हा नियम इथे चालत नाही. इटलीत त्या काळी सेटवरचा आवाज सहसा अंतिम सिनेमात वापरतच नसत. निरनिराळ्या देशांतले नट, कुणी इंग्रजी बोलतंय, कुणी इटालियन, आणि नंतर सगळ्यांचं डबिंग. इंग्रजी ट्रॅक डब, इटालियन ट्रॅकही डबच. मी ओठांकडे बघून ठरवतो. 'तेनेब्रे'त अँथनी फ्रान्चोसा आणि जॉन सॅक्सन इंग्रजीत बोलताना स्पष्ट दिसतात, आणि आपल्याला ऐकू येतो तो त्यांचाच आवाज, म्हणून इंग्रजी. 'ओपेरा' मात्र मी इटालियनमध्येच लावतो. त्याचे इंग्रजी डब पोकळ वाटतात.

इटालियन लावलंत तर सबटायटल तपासा. काही डिस्कवर इंग्रजी डबचेच संवाद इटालियन आवाजाखाली चिकटवलेले असतात. पात्र चार वाक्यं बोलतं आणि खाली दोन शब्द येतात. 'इटालियन संवादांवरून नवीन भाषांतर' असा उल्लेख असलेली डिस्क घ्या.

'फेनॉमेना'च्या ११६ मिनिटांच्या आवृत्तीत इंग्रजी ट्रॅक निवडला तर मध्येच पात्रं इटालियन बोलू लागतात आणि थोड्या वेळाने परत इंग्रजीवर येतात. डिस्क बिघडलेली नाही. त्या जादा भागांचा इंग्रजी आवाज उपलब्ध नाही, म्हणून तिथे इटालियन जोडलाय. सबटायटल चालू ठेवा. सिनॅप्स आणि ॲरो या दोन्ही लेबलांच्या संचांत तिन्ही आवृत्त्या मिळतात. पहिल्यांदा बघताना ११० मिनिटांची लावा, आवडला तर ११६ची.

आवाजाची पारख करायला संगीत ऐका. 'तेनेब्रे'चं संगीत सिमोनेत्ती, पिन्यातेल्ली आणि मोरान्ते या तिघांचं, मुळात मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं. मोनो ट्रॅक असेल तर तोच निवडा. जुन्या मोनोवरून फुगवून केलेल्या ५.१मध्ये (खोलीभर स्पीकर लावून ऐकायच्या ट्रॅकमध्ये) खुनाच्या प्रसंगी संगीत मागे जातं आणि सुऱ्याचा आवाज विनाकारण खोलीभर फिरतो.

पायरी सातवी: जपून ठेवणं

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर डिस्क तिथे ठेवू नका. आतला कागद ओल धरतो, त्यावर बुरशी येते आणि ती डिस्कच्या कडेला चिकटते. आतल्या खोलीत, उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या दरवर्षी मे महिन्यात बदला. डिस्क पुसायची झाल्यास मऊ कापडाने मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून कधीच नाही. आणि प्रत्येक खोक्यात एक छोटी चिठ्ठी ठेवा: कोणती आवृत्ती, किती मिनिटं, कशावरून स्कॅन, कोणता ट्रॅक लावायचा. पाच वर्षांनी तोच सिनेमा नव्या रिस्टोरेशनने बाजारात आला की पैसे टाकायचे की नाही, हे त्या चिठ्ठीवरून दोन मिनिटांत ठरतं.